'तुंबाड'ची उलटतपासणी

'तुंबाड'चा विषय निघाला की आमच्यात वाद होत नाही, भाषणं होतात. मी आणि बाई (ती शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे कॉलेज सुटून इतकी वर्षं झाली तरी सगळे तिला बाईच म्हणतात) या हिंदी भयपटाच्या पक्क्या बाजूनं. वकील आणि सिव्हिल (सिव्हिल इंजिनिअर, म्हणून हे नाव) यांचं म्हणणं, दिसायला झकास आहे, बाकी लोकांनी उगाच डोक्यावर घेतलाय. चौघांची वाक्यं चौघांना पाठ. बाईनं तोंड उघडलं की सिव्हिल तिचं वाक्य पूर्ण करायचा, इथपर्यंत मजल गेलेली.

2018 च्या ऑक्टोबरात हा सिनेमा आला तेव्हा फार चालला नव्हता. 2024 च्या सप्टेंबरात पुन्हा थिएटरला लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. बाईनं हा मुद्दा विजयी मुद्रेनं मांडला, तर वकील म्हणाला, "कोर्टाबाहेर गर्दी जास्त आहे म्हणून अशील निर्दोष सुटत नाही." मग त्यानंच सुचवलं की बाजू बदलून बघू. ज्यांना आवडतो त्यांनी दोष काढायचे, ज्यांना नाही आवडत त्यांनी वकीलपत्र घ्यायचं. सिनेमा पुन्हा एकत्र बघायचा, हवं तिथे थांबवायचा आणि प्रामाणिकपणे भांडायचं.

नियम वकिलानंच घातले. "मला आवडलं", "मला भावलं" हे चालणार नाही, प्रसंग दाखवायचा. आणि सिनेमा करताना काय काय हाल झाले हे बचावात सांगायचं नाही. हा दुसरा नियम मला आणि बाईला चांगलाच झोंबला, कारण आमचा अर्धा दारूगोळा तोच होता. दिग्दर्शक राही अनिल बर्वेनं 2012 मध्ये चित्रीकरण सुरू केलं, मनासारखं झालं नाही म्हणून मोठा भाग पुन्हा चित्रित केला, खऱ्या पावसासाठी पावसाळ्यांमागून पावसाळे थांबले, हे आम्ही दर वेळी सांगायचो. वकील म्हणाला, "कष्ट केले हे मान्य. पण पडद्यावर काय दिसतं ते सांग."

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे शेवटासकट सगळं येणार आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर. त्याला तिचं सोनंही हवं आणि धान्यही. सोनं त्यानं लाटलं, धान्याला हात घालणार तोच बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईनं त्याला पुन्हा आपल्या गर्भात घेऊन वाचवलं, पण अट अशी की त्याची पूजा कधी होणार नाही, त्याचं नाव पुसलं जाईल. तुंबाडातल्या एका घराण्यानं मात्र त्याचं देऊळ बांधलं. तेव्हापासून गावावर देवांचा कोप, पाऊस थांबतच नाही. 1918 मध्ये या घराण्याचा अनौरस मुलगा विनायक लहान आहे, आणि घरात हस्तरनं धरलेली आजी आहे. 1933 मध्ये तो वाड्याखालच्या विहिरीतून देवीच्या गर्भात उतरून हस्तरच्या लंगोटातल्या मोहरा चोरायला लागतो. 1947 मध्ये तो आपल्या मुलाला, पांडुरंगला, तेच शिकवतो.

पहिल्यांदा न थांबता सलग पाहिला. चौघांच्या हातात कागद. सुरुवात बाईनं केली, आणि ती इतकी तयारीनं आली होती की मला शंका आली, हिला मनातून आधीपासून हे सगळं खुपत असणार.

तिचा पहिला वार सुरुवातीवरच. सिनेमा उघडतो तो माणसाच्या गरजेबद्दल आणि हव्यासाबद्दल गांधीजींच्या नावावर दिल्या जाणाऱ्या प्रसिद्ध वाक्यानं. लगेच मागून बाप मुलाला हस्तरची सगळी कथा सांगतो, चित्रांसकट. बाईचं म्हणणं, ज्या सिनेमाचा सगळा जीव लपवलेल्या गोष्टीत आहे, त्यानं तळघराची किल्ली दारातच का द्यावी? आजीला काय झालंय, वाड्यात काय आहे, मोहरा कुठून येतात, हे आपल्याला विनायकाबरोबर कळायला हवं होतं. आणि वर ते वाक्य. वकील बचावाचा, पण त्याला राहवेना. "पहिल्या पाच मिनिटांत निकाल वाचून दाखवला आणि मग खटला चालवला," असं म्हणून तो गप्प बसला. त्यावर बचावाचे गुण कापावेत अशी मागणी सिव्हिलनं केली, जो स्वतः बचावातच होता.

तिचा दुसरा वार इतिहासावर. 1918, 1933, 1947 ही सालं पडद्यावर ठसठशीत येतात, पण त्या सालांत जगात काय चाललं होतं याचा मागमूस नाही. 1918 म्हणजे महायुद्ध संपतंय, इन्फ्लुएन्झाच्या साथीनं मुंबई इलाख्यात माणसं पटापट मरताहेत. 1933 म्हणजे सविनय कायदेभंगाची चळवळ ओसरत चाललेली. सिनेमात यातलं काय दिसतं? एक गोरा अधिकारी आणि अफूच्या परवान्यासाठी त्याच्या मागेपुढे करणारा सावकार. "सालं नुसती पाटीवर आहेत," बाई म्हणाली. "1947 तर इतकं नेमकं धरलंय की कानात ओरडल्यासारखं वाटतं. देश सुटला, पोरगाही सुटला. कळलं बाबा."

इथे वकिलानं पहिल्यांदा बचावाची खरी चुणूक दाखवली. तो म्हणाला, चळवळ दिसत नाही हाच विनायकाचा स्वभाव आहे. पुण्यात राहून, आजूबाजूला एवढं सगळं घडत असताना, या माणसाला मोहरेपलीकडे काही दिसत नाही. स्वातंत्र्याची त्याला एकच झळ बसते, ती म्हणजे वाडा सरकारजमा होणार. मग शेवटची संधी म्हणून धावपळ. "असे किती लोक असतील त्या काळात, ज्यांच्यासाठी 1947 म्हणजे नुसती मालमत्तेची भानगड होती," तो म्हणाला. बाईनं कागदावर आपल्याच मुद्द्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. 1947 चा मुद्दा मात्र तिनं सोडला नाही, आणि तिथे मी तिच्या बाजूची आहे. ते साल जरा जास्तच सोयीचं आहे.

माझी पाळी आली तेव्हा मी भूगोलावर घसरले. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतलेलं. ते तुंबाड जगबुडीच्या काठचं, खेडकडचं, अस्सल कोकण. सिनेमातलं तुंबाड म्हणजे उघडे माळ, गवत, आणि मधोमध किल्ल्यासारखा दरवाजा असलेला देशावरचा वाडा. चित्रीकरण सासवडच्या पुरंदरे वाड्यात झालंय, आणि ते लपत नाही. ना माड, ना पोफळी, ना जांभ्याची गडगी, ना उतरत्या कौलांची खाली आलेली वळचण. मी म्हणाले, पेंडशांकडून नाव उचललं, गाव मात्र उचललं नाही. शिवाय ही सगळी मराठी माणसं, नेसणं-बांधणं मराठी, घरातली भांडी मराठी, आणि तोंड उघडलं की हिंदी. ज्योती माळशे, अनिता दाते, दीपक दामले अशी मराठी मंडळी समोर असताना तर ते जास्तच खटकतं. त्या घरात आजीला 'दादी' म्हणतात तेव्हा दर वेळी मला पडद्यापासून चार पावलं मागे आल्यासारखं होतं.

सिव्हिलवर बचावाची जबाबदारी, आणि विषय बांधकामाचा. त्याला हसूच आवरेना, कारण एरवी हीच तक्रार तो आमच्याकडे करायचा. पण डोकं खाजवून त्यानं एक उत्तर काढलं आणि मला ते अजून खोडता आलेलं नाही. देशावरचे वाडे खाली दगडी जोत्याचे आणि वर विटांचे, लाकडाचे. तिथल्या बेताच्या पावसाच्या हिशेबानं बांधलेले. अशी वास्तू कधीच न थांबणाऱ्या पावसात नेऊन ठेवली तर काय होईल? ओल चढेल, चुना सुटेल, लाकूड कुजेल. "कोकणातलं घर त्या पावसात टिकलं असतं रे, ते त्यासाठीच असतं," तो म्हणाला. "हे घर तिथलं नाहीच. पाऊस शाप म्हणून आलाय आणि वाड्याकडे त्याला उत्तर नाही. प्रत्येक फ्रेममध्ये तो वाडा सडतोय ते मला पटतं." वकिलानं टाळ्या वाजवल्या. भाषेबद्दल मात्र कोणाकडेच उत्तर नव्हतं. वकिलानं "पैसे हिंदीत परत येतात" असं काहीतरी पुटपुटून पाहिलं, पण तो पडद्यावरचा पुरावा नसल्यामुळे त्याच्याच नियमानं बाद झाला.

मग सरतपासणी, म्हणजे वकिलानं स्तुती करायची होती. मी पाण्याचा ग्लास घेऊन आरामात बसले, म्हटलं आता याची फजिती बघू. त्यानं कायद्यापासून सुरुवात केली.

त्याचं म्हणणं, अद्भुताच्या गोष्टीत काहीही घडू शकतं म्हणून बहुतेक वेळा कशालाच किंमत राहत नाही. इथे तसं नाही. हस्तरकडे सोनं आहे, धान्य नाही, म्हणून तो कायमचा भुकेला. भुकेला आहे म्हणून कणकेच्या बाहुलीला भुलतो. बाहुली खात असेल तेवढाच वेळ लंगोटाला हात घालता येतो. पिठाचं रिंगण आखलं तर तो आत येत नाही. त्यानं ज्याला धरलं तो मरत नाही, सडत राहतो आणि सुटका फक्त आगीत. ही सगळी कलमं एका मूळ गोष्टीतून निघालेली आहेत, वरून चिकटवलेली नाहीत. आणि सिनेमा ती एका दमात सांगत नाही. मूळ कथा सुरुवातीला कळते हे खरं, पण चोरी कशी करायची ते तुकड्यातुकड्यानं कळतं. थोडं आजीकडून, थोडं सावकार राघव अर्धवट माहितीवर खाली उतरतो आणि फसतो त्यातून, उरलेलं मुलाच्या शिकवणीतून. त्यामुळे पांडुरंग पहिल्यांदा खाली उतरताना लपवून बाहुली घेऊन येतो, तेव्हा कोणी समजावून न सांगता आपल्या पोटात गोळा येतो. आपण तोवर त्या कायद्यात तयार झालेले असतो. "ज्या सिनेमात प्रेक्षकाला पात्राची चूक पात्राच्या आधी कळते, तिथे लेखकानं काम केलंय," असं म्हणून त्यानं समारोप केला.

बाई खूश. मी खूश. आणि मग तोच पठ्ठ्या म्हणाला, "फक्त एक कळत नाही. तो उपाशी आहे ना? पिठासाठी तडफडतोय ना? मग तो रिंगण का खात नाही?"

इथे जी गाडी अडकली ती बराच वेळ सुटली नाही. बाई म्हणाली, धान्यापायीच देवांनी त्याला मारलं होतं, म्हणून त्याला पिठाचं भय आहे. वकील म्हणाला, मग बाहुलीचं भय का नाही? मी म्हणाले, बाहुलीला माणसाचा आकार आहे, ती नैवेद्यासारखी आहे, कोणीतरी हातानं घडवून दिलेलं अन्न आहे. रिंगण म्हणजे सांडलेलं पीठ, ती सीमा आहे. सिव्हिलनं विचारलं, असं सिनेमात कोण म्हणतं? कोणी म्हणत नाही. दृश्य मागे नेऊन पुन्हा पाहिलं, कान देऊन ऐकलं. माझं स्पष्टीकरण मला आवडतं, पण ते माझं आहे, सिनेमाचं नाही. जो सिनेमा स्वतःच्या कायद्यावर उभा आहे त्याच्याबाबतीत हा दोष मी बारीक धरणार नाही. वाड्याच्या शैलीचा, सालांचा, हिंदीचा दोष बाहेरचा आहे, तो सहन करता येतो. हा आतला आहे.

हस्तर आपल्या पुराणांत नाही, हे अनेकांना पाहिल्यावर शोधून कळतं. बाईला तिचे विद्यार्थी येऊन विचारतात, हस्तर कुठल्या पुराणात आहे. नावाशी जुळणारा 'हास्तर' अमेरिकी लेखक अँब्रोज बिअर्सच्या कथेत आहे, मग रॉबर्ट चेंबर्सच्या 1895 च्या कथासंग्रहात, पुढे लव्हक्राफ्टकडे. आणि आजीच्या प्रसंगामागे नारायण धारपांची कथा आहे, जी स्वतः स्टीफन किंगवरून आलेली, हे भयकथावाल्यांना ठाऊक असतं. मी हे दोष म्हणून मांडलं, उसनवारी म्हणून. वकिलानं एका वाक्यात उडवून लावलं: उसनं घेतलेल्या गोष्टीचा पत्ता लोक पुराणात शोधत असतील तर ती उसनी राहिलेली नाही.

मग सिव्हिलनं काढलेली युक्ती. तो म्हणाला, बोलून खूप झालं, आता विहिरीचा प्रसंग दोनदा बघू, एकदा आवाज पूर्ण बंद करून आणि एकदा डोळे मिटून. मला हे पोरकट वाटलं होतं. आवाज बंद करून पाहिलं तेव्हा पंकज कुमारचा कॅमेरा काय करतो ते पहिल्यांदा नीट दिसलं. वरचं सगळं जग राखाडी, निळसर, ओलं. दोर खाली सुटतो आणि रंगच बदलतो. लाल, मांसल, ओलसर भिंती, आणि त्या किंचित हलतात. प्रकाश हातातल्या कंदिलाएवढाच, त्यामुळे त्या जागेला शेवट कुठे आहे ते कळत नाही. पण भीती? आवाजाशिवाय भीती निम्म्याहून कमी. सिव्हिलला तर हस्तर चक्क रंगवलेला माणूस दिसायला लागला.

डोळे मिटून ऐकलं तेव्हा उलटं झालं. सबंध सिनेमाभर पाऊस इतका सतत असतो की आपण तो ऐकणं सोडून दिलेलं असतं. गर्भात उतरल्यावर तो पाऊस बंद होतो. डोळे उघडे असताना माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. एकदम कोंदट शांतता, श्वासाचा आवाज अगदी कानाशी, भिंतींची चिकट चुळबुळ. आपण एका अंगाच्या आत आलो आहोत हे डोळ्यांआधी कानांना कळतं. बाईनं डोळे मध्येच उघडले, तिला सहन होईना. या सिनेमाला फिल्मफेअरचे तीन पुरस्कार मिळाले, छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनी. त्यातला ध्वनीचा पुरस्कार मी आजवर शोभेचा समजत होते. खरं तर पहिला तोच द्यायला हवा होता.

दोषांकडे परत यायचं तर माझा सगळ्यात मोठा आक्षेप शेवटावर होता आणि अजूनही आहे. पांडुरंगची कल्पना अशी की एकाऐवजी खूप बाहुल्या नेल्या तर हस्तर खाण्यात गुंतेल आणि सबंध लंगोटच लांबवता येईल. पण बाहुल्या जेवढ्या, तेवढे हस्तर उतरतात. कल्पना म्हणून ही अफाट आहे. हव्यासाचा गुणाकार थेट भीतीचा गुणाकार होतो. पडद्यावर मात्र ते सगळे एकदम दिसतात तेव्हा माझी भीती ओसरते. एकटा हस्तर अंधारातून वरून सरपटत येतो तेव्हा तो कोण आहे, काय आहे हे कळत नाही. घोळका झाला की ती संगणकाची करामत होते. बचावाला मी आव्हान दिलं, एक तरी चौकट दाखवा जिथे या घोळक्यातला एखादा हस्तर पहिल्याइतका भयानक आहे. दोघांनीही शोधली. मिळाली नाही. वकिलानं "मुद्दा मान्य" म्हटलं, जे तो एरवी घरच्यांसमोरही म्हणत नाही.

बाईचा शेवटचा आक्षेप बायकांबद्दल होता, आणि तो तिनं जवळजवळ चिडून मांडला. विनायकाची आई म्हाताऱ्या सरकारची, म्हणजे वाड्याच्या मालकाची, सेवा करत राहते, देवळातल्या हस्तरच्या मूर्तीजवळच्या एका मोहरेच्या आशेवर. एका मोहरेवर समाधान मानून गाव सोडते आणि मुलाकडून परत न येण्याचं वचन घेते. सिनेमातलं हे एकमेव माणूस जे 'पुरे' म्हणू शकतं. आणि तिलाच सिनेमा पहिल्या प्रकरणानंतर विसरतो. पुढे बायको आहे, राघवची विधवा सून आहे, दोघींच्या वाट्याला नुसत्या नजरा. अनिता दाते त्या नजरांतूनही बरंच काही करते, पण तिला वाक्यं द्यायला काय झालं होतं? सिव्हिलनं विचारलं, मग काय, बायको विहिरीत उतरायला हवी होती? बाई म्हणाली, "उतरायला नको. पण आई काय म्हणाली होती ते त्या घरात कोणालातरी आठवायला हवं होतं." मला हा दोष तोवर दिसला नव्हता. आता पहिलं प्रकरण संपतं तिथे दर वेळी टोचतो.

राहिला सिव्हिल. त्याची स्तुती त्यानं शेवटी ठेवली होती आणि आम्हाला वाटत होतं की हा कॅमेरा, वाडा, पाऊस अशी नेहमीची यादी म्हणेल. तो म्हणाला, तुम्ही दोघी इतकी वर्षं सांगताय की हा हव्यासाचा सिनेमा आहे. मला तो तसा वाटला की कंटाळा येतो, कारण हव्यास वाईट हे मला माहीत आहे. यावेळी मी फक्त हस्तरकडे बघत होतो.

त्याचं म्हणणं असं. हस्तर सिनेमात एक वाक्य बोलत नाही. त्याचा काही डाव नाही, कोणाचं वाईट करायचा बेत नाही. तो कधी वर येऊन कोणाला शोधत नाही. तो पहिलं लेकरू आहे. त्याला आईकडचं सगळं हवं होतं, जे कुठल्याही लेकराला हवं असतं, आणि त्यापायी त्याला मार पडला. आईनं त्याला वाचवलं, पण पोटात ठेवून उपाशी ठेवलं. नंतर वर्षानुवर्षं कोणीतरी दोरानं उतरतं, त्याला अन्न दाखवतं आणि तो खात असताना त्याच्या अंगावरचं वस्त्र ओढतं. "राक्षस त्या विहिरीत वरून येतो," सिव्हिल म्हणाला. "आणि दर वेळी तो विनायक असतो."

बाई काही बोलली नाही. मी हट्टानं म्हणाले, हे तू त्यात घालतोयस, सिनेमात नाही. कारण रिंगणाच्या वेळी त्यानं मला हेच ऐकवलं होतं. त्यावर त्यानं सिनेमा पुढे नेऊन पांडुरंगची तालीम दाखवली. पुण्यातल्या घरात बाप मुलाला दोरावर चढायला, झटपट हात मारायला शिकवतोय. मुलगा अधू पायाचा आहे, धडपडतोय, आणि प्रत्येक वेळी बापाच्या चेहऱ्याकडे बघतोय. त्याला मोहरा नको आहेत, त्याला बापानं 'शाबास' म्हणायला हवं आहे. त्या भुकेवर बाप त्याला खाली उतरवतो. सिव्हिलनं तिथेच चित्र थांबवलं. "एक भुकेलं पोर आमिष दाखवून दुसऱ्या भुकेल्या पोराला लुटायला पाठवलंय. हे सिनेमात नाही म्हणतेस?"

आहे. शेवटही मग वेगळा दिसतो. विनायक बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून हस्तरांना आपल्याकडे ओढतो, मुलाला वर जाऊ देतो. आयुष्यात पहिल्यांदा तो तिथे अन्न चोरीसाठी वापरत नाही. वर आल्यावर तो सडत चाललेला बाप मुलाकडे तो लंगोट पुढे करतो, कारण देण्यासारखं त्याच्याकडे तेवढंच आहे. आणि पोरगा तो घेत नाही. बापाला आग लावताना तो तेच म्हणतो जे लहानपणी विनायक आजीला म्हणायचा, झोप, नाहीतर हस्तर येईल. मी हा प्रसंग हव्यास हरला म्हणून आनंदानं बघायचे. सिव्हिलच्या बाजूनं पाहिलं तर पोरगा पहिल्यांदा बापाकडून काही मागायचं थांबवतो. पांडुरंग झालेला मोहम्मद समद तिथे फार कमी करतो, आणि तेवढंच पुरतं.

मतं कोणाची किती बदलली याची मोजदाद आम्ही केली नाही. वकील अजून म्हणतो की सुरुवातीची पाच मिनिटं कापा आणि मग मला बोलवा. बाईनं उन्हाळ्याच्या सुट्टीत तो पुन्हा पाहिला आणि फोन करून मला आईच्या प्रसंगाबद्दलच बोलत राहिली. सिव्हिल मात्र आता लोकांना हा सिनेमा बघायला सांगतो, आणि सांगताना "हव्यास वगैरे सोडून दे" अशी सूचना देतो.

नवं भांडण दुसऱ्या भागावरून आहे. विनायक झालेला निर्माता सोहम शाहनं तो जाहीर केलाय, राही बर्वे त्यात नाही. माझं म्हणणं, गोष्ट संपलेली आहे. वारसानं नाही म्हटलं, बाप जळाला, आता उघडायचं काय? बाईचंही तेच. सिव्हिल म्हणतो, हस्तर अजून खाली आहे आणि अजून उपाशी आहे, त्याचं कोणी बघायचं की नाही?

वकिलाचा मुद्दा वेगळाच. "लंगोट बापाबरोबर जळाला की नाही, ते आधी सांगा. जळाला असेल तर प्रश्न मिटला. जळाला नसेल तर ती बेवारस मालमत्ता आहे, आणि वाडा सरकारजमा झालाय. म्हणजे मालक आता सरकार."

यावर सिव्हिल म्हणाला की मग टेंडर निघेल, आणि तिथून पुढे कोणी सिनेमाबद्दल बोललं नाही.